खाटेची वंशावळ

मला माझ्या पणजोबांच्या पलीकडचे नाव सांगता येत नाही. भाऊकीत विचारले तर प्रत्येक जण वेगळे सांगतो आणि शेवटी भांडणावर येतो. पण एका शब्दाची वंशावळ मी झोपेतून उठवले तरी सांगेन. तो शब्द इंग्रजी आहे, साधा आहे, आणि दवाखान्यात पाय ठेवलेल्या कुणालाही ठाऊक आहे. कॉट. या शब्दाच्या नादाने आमच्या घरात एकदा माझ्या आत्याचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून त्याची हकीकत सांगतो.

तेव्हा मी विशी नुकतीच ओलांडली होती आणि बुलढाण्याच्या एका ए. व्ही. शाळेत इंग्रजी शिकवत होतो. ए. व्ही. म्हणजे अर्धी इंग्रजी, अर्धी देशी. पगार देशी आणि शिस्त इंग्रजी, असे आम्ही मास्तर आपसात म्हणायचो. बुलढाणा पठारावर, हवा थंड, म्हणून साहेबलोकांनी जिल्ह्याचे ठाणे तिथे नेले. रेल्वे मात्र खाली मलकापुरावरून गेली. त्यामुळे साहेब सोडला तर बाकी कुणीही बुलढाण्याला हौसेने येत नसे.

शाळेत एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता. हेडमास्तरांनी तो कपाटात कुलूप लावून ठेवला होता. पोरे पाने फाडतील ही त्यांची भीती. खरे म्हणजे पोरांना तो उचललाही नसता. एकदा धड्यात बेड आणि कॉट असे दोन्ही शब्द एकाच पानावर आले. दोन्हींचा अर्थ बिछाना सांगून मोकळे होता आले असते, पण मला तेव्हा मास्तरकीची नवी खुमखुमी होती. मधल्या सुट्टीत किल्ली मागून घेतली आणि कोश उघडला. कॉटपुढे चौकटी कंसात बारीक अक्षरात लिहिले होते की हा शब्द हिंदुस्थानी खाट यावरून आला, आणि खाट संस्कृत खट्वा यावरून. मी उभ्याउभ्याच ते दोनदा वाचले.

मला फार आनंद झाला, आणि तो थोडा क्षुद्र होता हेही सांगून टाकतो. त्याच महिन्यात शाळातपासनीस साहेब येऊन गेले होते आणि माझ्या उच्चारांवर हेडमास्तरांदेखत हसले होते. आता मनात म्हटले, हसा. डाकबंगल्यात तुम्ही ज्याच्यावर घोरता, त्याचे नाव आमच्या ओट्यावरून नेलेले आहे.

मग मी या शब्दाचा पिच्छाच पुरवला. जे मिळेल ते वाचले, भेटेल त्याला विचारले. कळले ते असे. इंग्रज व्यापारी सुरतेकडे उतरले तेव्हा त्यांना इथली दोरीने विणलेली खाट दिसली. हलकी, वारा खालून लागणारी, एका माणसाने डोक्यावर घेऊन जावी अशी. त्यांनी वस्तू घेतली आणि नावही घेतले. ख त्यांच्या तोंडात क झाला. पुढे त्यांच्या जहाजांवर कापडाचा टांगता बिछाना असे, अधिकाऱ्यांसाठी. त्यालाही तेच नाव पडले. जहाजावरून तो पलटणीत गेला, पलटणीतून दवाखान्यात. तिथे त्याची दोरी गेली, लाकूड गेले, लोखंड आले. आणि असा सगळा वेष बदलून तो परत आमच्या जिल्ह्यात सिव्हिल हॉस्पिटलमध्ये उतरला, तेव्हा त्याला कुणी ओळखले नाही. आमचे लोक म्हणत, याला कॉटवर टाकले आहे. त्याच वाक्यात पुढे म्हणत, त्याला परत आणायला गाडीत घरची खाट पाठवा. दोघे सख्खे, पण एकमेकांची ओळख नाही.

वरच्या पिढ्या आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या शास्त्रीबुवांनी सांगितल्या. संस्कृतात म्हणे खट्वारूढ ही शिवी आहे. गुरूकडचा अभ्यास पुरा व्हायच्या आत जो खाटेवर चढला तो खट्वारूढ, म्हणजे उनाड, वाया गेलेला. हे सांगताना शास्त्रीबुवा माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. आणि पुष्कळ वर्षांनी मला असेही वाचायला मिळाले की खट्वाही मूळची संस्कृत नसावी. दक्षिणेकडे खाटेला कट्टिल म्हणतात आणि कट्टू म्हणजे बांधणे. म्हणजे सगळ्यात जुनी खापरपणजी ही नुसती एक क्रिया होती. कुणीतरी चार लाकडे बांधली, एवढेच.

शब्दाचा मालक कोण, हा प्रश्न मला तेव्हा फार महत्त्वाचा वाटे. त्याचे कारण आमचा मुलूखच तसा होता. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे, कारभार इंग्रजाचा, आणि हुकूम नागपुराहून, मध्यप्रांताबरोबर एका दावणीला बांधल्यासारखे. शेतसारा भरणाऱ्याने आपण कुणाचे हे विचारायचे नाही. अशा ठिकाणी एखादी वस्तू नक्की आपली आहे असे छापील पुरावा दाखवून सांगता आले तर माणूस हुरळतोच. मी हुरळलो, आणि गावी जाऊन ते सांगून बसलो.

आमचे गाव घाटाखाली, रोहिणखेडच्या अलीकडे. विहिरीवरची बागाईत होती. वांगी, मिरची, कांदा, मेथी. घरात बाबा आणि आत्या. आई मी जेमतेम चालायला लागलो तेव्हाच गेली. आत्या बाबांची मोठी बहीण, ते तिला बाई म्हणत. नवरा गेल्यावर माहेरी आली होती, आणि मला तिनेच वाढवले. बाबांनी दुसरे लग्न केले नाही. का, ते कधी बोलले नाहीत, आणि त्यांना विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. बाबा हाताने खाट विणत. अंबाडीची दोरी घरीच वळत आणि उन्हाळ्यात ओट्यावर बसून विणकाम चाले. चौकडी इतकी सारखी पडे की गावातले लोक आपल्या खाटा घेऊन येत.

अशाच एका विणकामाच्या वेळी मी त्यांना सांगितले.

“म्हंजे साहेब बी खाटेवरच झोपते म्हण ना,” बाबा म्हणाले.

“हाव.”

“मंग कॉट काऊन म्हणते तो?”

“त्याईले ख म्हणता येत नाही, बाबा.”

बाबांनी दोरी दातात धरली, गाठ मारली, आणि मग म्हणाले, “ख म्हणता येत नाही अन् राज्य करून राह्यले.”

आत्या आत जात्यावर होती. तिने आतूनच विचारले, “खाट नेली त नेली. ढेकणं बी नेली का?”

बाबांना ही गोष्ट इतकी आवडली की ती त्यांनी मोताळ्याच्या बाजारात भाजीबरोबर वाटली. वांगी मोजता मोजता ते गिऱ्हाइकाला सांगत, की आमचा पोरगा म्हणते, कॉट म्हणजे आपलीच खाट. इंग्रजाच्या पोथीत लिहिलेलं आहे. काही दिवसांनी ती गोष्ट मला दुसऱ्या गावच्या माणसाने नवीन म्हणून सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखे केले. माणसाने एवढे तरी सौजन्य पाळावे.

त्यानंतर पावसाळ्यापूर्वी डाकबंगल्यातल्या जुन्या सामानाचा लिलाव झाला आणि मी एक लोखंडी कॉट घेतला. माझ्या बुलढाण्याच्या खोलीत तो मावेना, म्हणून गाडीत घालून गावी पाठवला. म्हटले, आत्याचे गुडघे दुखतात, उंच आहे, उठायला बसायला बरे पडेल. आत्याने त्याच्या पट्ट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, “ह्याच्यावर निजलं का अंगाले गंज चढन.” ती तिच्या खाटेवरच झोपत राहिली. कॉट ओट्यावर पडला आणि त्याच्यावर कांदे वाळू लागले. त्या कामाला तो फार चांगला होता. हवा खालून लागायची.

नाताळच्या सुट्टीत मी गावी गेलो तेव्हा आत्या आजारी होती. पौषातली थंडी, त्यात ओल्या वाफ्यात उभी राहून मेथी काढलेली. छातीत कफ भरला होता आणि ताप उतरत नव्हता. मलकापूरच्या दवाखान्यातून मी औषध आणले. डॉक्टर म्हणाले होते, ऊब ठेवा आणि गारठ्यापासून जपा. यातून निघाली तर आठवडाभरात निघेल. मी तसे बाबांना सांगितले. बाबांनी मान हलवली.

आता आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. माणसाचा जीव खाटेवर जाऊ द्यायचा नाही. शेवटची घटका आली असे वाटले की त्याला खाली घ्यायचे, शेणाने सारवलेल्या भुईवर. भुईवर गेला तो नीट गेला. खाटेवर गेला तर ना भुईचा ना आभाळाचा, अधांतरी राहिला. मग त्याच्यासाठी घरच्यांना भटजी बोलावून प्रायश्चित्त करावे लागते, आणि तेवढ्यानेही ते पुरते फिटत नाही असे म्हणतात. ही रीत कुणी शिकवत नाही. खाली घ्या, एवढे दोन शब्द ऐकले की सगळे कामाला लागतात.

त्या दिवशी दुपारी आत्याचा श्वास घशात अडकू लागला. डोळे अर्धे मिटलेले, हात गार. कुणीतरी बाबांना मोटेवर निरोप दिला. ते धावतच आले, ओल्या पायांनी. दारातून त्यांनी आत्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “खाली घ्या.”

मी म्हणालो, “थांबा बाबा, कफ आहे तो. पाठ चोळली का मोकळा होईन.”

“खाली घ्या म्हणलं ना.”

बाबांचा असा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. ते घाबरले होते. शेजारच्या बायकांनी जमीन सारवली. ती वाळायच्या आतच आत्याला उचलून खाली ठेवले. काशीहून आणलेला गंगेचा गडू होता, तो फोडला. तोंडात पाणी आणि तुळशीचे पान घातले. तिची खाट लगेच बाहेर नेऊन अंगणातल्या भिंतीला उभी टेकवली. गल्ली जमली. बाया रडू लागल्या, पुरुष ओट्यावर बसले आणि दोघे-तिघे हलक्या आवाजात बांबूंची बोलणी करू लागले. असे बराच वेळ चालले. मग गाई-म्हशींच्या दुधाची वेळ झाली, आणि एकेक जण उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन दारात आले तेव्हा आत्याने डोळे उघडले आणि म्हणाली, “कण्या आहेत का थोड्या?”

शेवटची इच्छा म्हणून शेजारच्या एका चुलतीने घाईघाईने ज्वारीच्या कण्या शिजवून आणल्या. आत्याने चार घास खाल्ले आणि मीठ मागितले. तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आले की प्रकरण वेगळे आहे. ताप उतरला होता. गळा मोकळा झाला होता. ती जगणार होती, आणि ती भुईवर होती.

मला वाटले, आता तिला उचलून खाटेवर ठेवतील. कुणीच हलले नाही. मी खाट आत आणायला गेलो तर ओट्यावर बसलेले थोरले काका म्हणाले, “कुठी चालला, मास्तर?”

थोरले काका म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. रीतीभातीचे सगळे नियम त्यांना पाठ होते, आणि जे नव्हते ते ते बसल्या जागी करत. मी सांगितले, आत्याला वर घेतो.

“खाली घेतलेलं माणूस वर घेतल्याचं मी त पाह्यलं नाही,” ते म्हणाले. “तूनं पाह्यलं का?”

“मंग काय भुईवरच ठेवाचं का तिले?”

“तिची घटका आली म्हणून यमाले दार उघडून देलं. गडू फोडला. आता ते उठून खाटेवर बसली, त तो आलेला रिकाम्या हातानं जाईन का? घरातलं दुसरं कोणी पाह्यन. अन् घरात तरणं दुसरं आहे कोण? तूच त आहेस.”

हे शास्त्र त्यांनी कुठून आणले ते मला आजही माहीत नाही. मला ते त्याच क्षणी बनवल्यासारखे वाटले आणि मी तसे म्हणालोही. काका रागावले नाहीत. बनवलेला नियम ऐकणाऱ्याने मोडून दाखवायचा असतो, हे त्यांना ठाऊक होते. मी बाबांकडे पाहिले. बाबा ओट्याच्या टोकाला मिरच्यांची देठे काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही, पण त्यांचे हात थांबले होते. आता ते माझ्यासाठी घाबरले होते, हे मला तेव्हा कळले.

तो दिवस तसाच गेला. आमच्याकडे माणसाला खाली घेण्याचा विधी आहे, वर घेण्याचा नाही. पूर्वजांनी एवढी तजवीज केली, पण माणूस जगला तर काय, हे त्यांना सुचले नाही. मी आत्याच्या अंगावर गोधडी घातली. वरून घालायला काकांची हरकत नव्हती. अंगाखाली घालू लागलो तेव्हा त्यांनी हात धरला. खालून काही घातले की ते वर घेण्यासारखेच झाले म्हणे. सारवलेली जमीन पौषात वाळत नाही. संध्याकाळपर्यंत आत्या पुन्हा खोकू लागली. मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते आणि माझा संताप होत होता. घरातली सगळी माणसे धडधाकट, आत्यावर जीव असलेली, आणि तिला डोळ्यांदेखत गारठ्याने मारत होती.

पुढच्या सकाळी मला उपाय सुचला. ओट्यावरच कॉट होता. मी त्याच्यावरचे कांदे खाली ओतले आणि काकांना म्हणालो, “ह्याच्यावर ठेवू. ही काही खाट नाही. ना दोरी, ना लाकूड. सरकारी डाकबंगल्यातलं लोखंड आहे. ह्याले कोणतं शास्त्र लागते सांगा.”

काका विचारात पडले. उठून त्यांनी कॉटला बोटाने वाजवून पाहिले. त्यांना वाट सापडल्यासारखी झाली होती. माणूस वाईट नव्हता, अडून बसला होता, आणि अडलेल्याला बाहेर पडायला दार लागते. “लोखंड आहे खरं,” ते म्हणाले. “लोखंडाले बाहेरचं काही शिवत नाही. चालन बहुतेक.”

“नाही चालत,” बाबा म्हणाले. आत्याला खाली घेतल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते. “कॉट म्हंजे खाटच.”

मी त्यांच्याकडे वळलो.

“तूच सांगतलं मले. पोथीत लिहिलं आहे म्हणे. मी साऱ्या बाजाराले सांगत फिरलो.”

“ते नुसतं नाव आहे, बाबा.”

“यम बी नावानंच बोलावते.”

मी म्हणालो, त्या कोशात चूक आहे, पुढच्या छापात ती दुरुस्त केली आहे. बाबांनी माझ्याकडे नुसते पाहिले. खोटे बोलायला मला तेव्हाही येत नसे. मग मी आवाज चढवला. म्हणालो, आत्या तुम्हाला नकोशी झाली आहे का, तसे असेल तर स्पष्ट सांगा. हे बोलायला नको होते, पण बोललो. बाबा उभे राहिले.

“बाई मले नकोशी आहे?” ते म्हणाले. “तिनं मले बी वाढवलं, तुले बी वाढवलं. पण तू एकच आहेस बे मले.”

मला माझ्या रागाचे काय करावे ते कळेना.

तेवढ्यात आतून आत्याने हाक मारली. आवाज बारीक होता पण शब्द स्पष्ट होते. “भाऊ, इकडं ये.”

बाबा आत गेले, मी त्यांच्यामागे. कण्या खाल्ल्यापासून ती डोळे मिटून पडली होती, पण कान मिटलेले नव्हते. तिने बाबांना जवळ बसायची खूण केली. ते तिच्याजवळ भुईवर बसले.

“ह्याची माय खाटेवरच गेली,” ती म्हणाली. “ठावं आहे ना तुले?”

मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबा नुसते “हाव” म्हणाले.

“तू तव्हा मोटेवर होता. मी घरी एकटी. तुले मी सांगतलं का मले एकटीले उचलता आली नाही. तू प्रायश्चित्त केलं, उपास केले. मले कधी एका शब्दानं बोलला नाही.”

“जाऊ दे बाई.”

“जाऊ काऊन देऊ? ते खोटं होतं. दुखण्यानं सुपाएवढी झाली होती ती, काय वजन होतं तिचं? मी हात घातले होते तिच्या खाली. ती म्हणे, नका उतरवू बाई. पोट्टं आत्ताच निजलं, उठन.” आत्या थांबली. तिला खोकला आला, तो जाऊ दिला. मग तिने माझ्याकडे बोट केले. “हे तिच्या दंडावर निजलं होतं. मंग मी नाही उतरवली. तशीच गेली. अन् हे तिच्या कुशीत तसंच निजून.”

बाबांनी गोधडीचे टोक तिच्या पायांवर ओढले.

“खाटेवर गेली माय, अन् त्याच खाटेवर हे लेकरू. यमाले तव्हा नाही दिसलं का हे? काय झालं ह्याले? मास्तर झाला. मंग आता माझ्यापायी काय होते त्याले? उचल मले, भाऊ. खाली लय गार आहे.”

मला रडू आले आणि मी ते लपवले नाही. बाबा उठून बाहेर गेले. मला वाटले, ते पुन्हा मिरच्यांपाशी जाऊन बसतील. पण ते अंगणातल्या भिंतीकडे गेले आणि आत्याची खाट डोक्यावर घेऊन आत आले. दारात काका होते; ते बाजूला झाले. मी पुढे झालो तर आत्या म्हणाली, “तू सर. तो एकटा उचलते.” बाबांनी एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि तिला वर ठेवले.

दोन रात्री दवात उभी राहून खाटेची पायथ्याकडची दोरी सैल पडली होती आणि आत्या मधोमध झोळीत गेल्यासारखी दिसत होती. बाबा पायथ्याशी बसले आणि एकेक फेरा ओढून ताणू लागले. बराच वेळ ते खाली मान घालून दोरी ताणत होते. मग मान तशीच ठेवून त्यांनी विचारले, “पोट्टं उठलं का मंग?”

“नाही,” आत्या म्हणाली. “तिचा हात काढला तव्हा उठलं.”